जावळाचा मामा

ऐक गं, फोन ठेवू नको. मास्तरीण होऊन अजून वर्ष नाय झालं, अन् दर फोनला तुझं एकच रडगाणं, पोरं घाण राहतात, पोरं ऐकत नाहीत. असं बोलावं का? मी इथल्या शाळेत एवढी वर्षं खिचडी रांधतेय, मास्तर लोकांचे हाल मला विचार.

आमची शाळा उसाला लागून. दोन खोल्या, दोन शिक्षक. बिबट्या आठवड्यातून एकदा कुणाला ना कुणाला दिसतोच. म्हणून पोरं घोळक्यानं येतात, जेवणाच्या ताटल्या बडवत. त्याला भिऊन एक पोर कधी घरी राहिलं नाही. पण गेल्या साली उवांपायी निम्मी शाळा रिकामी झाली.

त्याचं मूळ पहिलीतलं एक पोर. नवसाचं. ओझरच्या गणपतीला जावळ बोललेलं, तोवर डोक्याला कात्री लावायची नाही. केस कमरेपर्यंत आलेले, अन् त्यात उवांचा आठवडे बाजार. बाकीच्या आयांनी सांगून टाकलं, ते डोकं साफ होईस्तोवर आमची पोरं यायची नाहीत. पट असाच गळत गेला तर शाळाच बंद होणार, या काळजीनं थोरल्या गुरुजींना घास जाईना. माणूस लई टापटीप. पोरांची नखं बघायची तर रुमालानं बोट धरायचे.

शेवटी गुरुजी त्या पोराच्या घरी गेले, मलाही सोबत नेलं. पोराची आई म्हणाली, जावळ मामाच्या मांडीवर काढायचं असतं, अन् मामा पुण्यात गाडीवर ड्रायव्हर, त्याला सुट्टीच मिळत नाही. गुरुजी पडले बाहेरगावचे. पटकन बोलून गेले, "एवढंच ना ताई? मी घेतो मांडीवर."

मी मागून त्यांचा सदरा ओढला, पण उशीर झाला होता. ती आत जाऊन ओवाळायचं ताट घेऊन आली. राखी कुठली असणार? शिवणाच्या डब्यातला लाल दोरा त्यांच्या मनगटाला बांधला. तिची सासू उंबऱ्यातून म्हणाली, "पावणं, मामा रिकाम्या हातानं येत नसतो बरं का."

रविवारी टेम्पो भरून आम्ही ओझरला. गुरुजींनी भाच्याला कपडे-टोपी आणली, ताईला साडी, अन् साडीचा रंग मला तीनदा विचारला. पोराला मांडीवर घेऊन बसले ते डोळे गच्च मिटून. न्हाव्यानं पहिली बट कापली अन् म्हणाला, "मामा, हलू नका राव. तुमच्या सदऱ्यावर चढत्यात."

आम्ही बाया पदर तोंडात कोंबून हसतोय. गुरुजींच्या कपाळाला घाम फुटलेला, पण पोर रडायला लागलं तसा त्यांचा हात त्याच्या पाठीवर फिरत राहिला. शेवटची बट पडेस्तोवर हलले नाहीत.

सोमवारी सगळी पोरं हजर. हजेरी घेताना गुरुजी मात्र एका हातानं पेन धरून दुसऱ्यानं डोकं खाजवतायत. मधल्या सुट्टीत मी त्यांना ओट्यावर बसवलं अन् बारीक फणी फिरवली. दोन निघाल्या. पोरांनी टाळ्या वाजवल्या, अन् गुरुजीही हसले, पार डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

आता भाऊबीजेला त्यांचं पहिलं ताट त्याच घरी असतं. तर तू एकदा ये गं इकडं. शनिवारी दुपारची निघ, मुक्कामाला रहा. गुरुजींशी गाठ घालून देते. लवकर ये बरं.