डबीवाले मास्तर आणि विहिरीच्या पायऱ्या

२००५ साल. मी त्रेसष्ट वर्षांचा, आमच्या गावच्या बागेचा राखणदार. डबीवाले मास्तर माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठे, आणि मोजण्याचं त्यांना वेडच. फाटकातून आत आले की ओठ हलायचे. लोकांना वाटायचं जप चाललाय. चाललेली असायची पावलांची मोजणी. चहाचे घोटसुद्धा मोजायचे. "मी मोजलं नाही तर मला दिसलंच नाही," म्हणायचे.

राजुरीला भूगोल शिकवण्यात त्यांचा जन्म गेला. लेक परदेशात. तिनं त्यांना हातात मावणारं एक यंत्र पाठवलं होतं, आपण कुठं उभे आहोत ते सांगणारं. त्यावर जगभर एक खेळ चालतो म्हणे. एकानं डबी लपवायची, जागेचं कोडं कॉम्प्युटरवर टाकायचं, दुसऱ्यानं शोधायची. आत वही. सापडली की नाव लिहून डबी होती तिथं ठेवायची. मास्तरांनी जेवणाची स्टीलची डबी आमच्या बागेत लपवली, नारायणगावला जाऊन कोडं टाकलं आणि मग येऊन मला वाचून दाखवलं.

"या बागेखाली एक विहीर आहे. तिला पायऱ्या किती, ते राखणदाराला विचारा. आकड्याला दहानं गुणा. तितकी पावलं फाटकापासून डाव्या कुंपणानं चाला."

मी भडकलो. "माझ्या बापाच्या विहिरीचा खेळ मांडलाय व्हय, मास्तर?"

"खेळ म्हणून का होईना, कुणी विचारेल तरी. घसरगुंडीखाली काय आहे, ते गावातल्या किती पोरांना ठाऊक आहे, भाऊ?"

खरंच होतं ते. गावच्या विहिरीवर आम्हाला वरून ओंजळीत पाणी ओतायचे. धम्म घेतल्यावर आमच्या वस्तीनं ओंजळ पुढं करणं सोडलं आणि स्वतःची विहीर खणली. पुढारी माझा बाप. पुढं दुष्काळात गावची विहीर आटली तेव्हा अख्खं गाव आमच्या पायऱ्या उतरलं. मग नळ आले. विहीर बुजली. वर हिरवळ आणि सिमेंटचं हरीण आलं. पाटी कसलीच नाही.

पुण्याची पोरं यायला लागली. "बाबा, पायऱ्या किती होत्या?" मी छाती काढून सांगायचो, "एकवीस." पोरं मोजत जायची ती थेट पाण्याच्या टाकीपाशी. तिथल्या बोगनवेलीत हात घालायची, ओरबाडून घ्यायची आणि तोंड पाडून परत जायची. मी हातात पाइप धरून बघत राहायचो. वाईट वाटायचं, पण आकडा बदलत नव्हतो.

दोन महिन्यांनी मास्तरांनी वही उघडून पाहिली. कोरी. सरळ माझ्याकडे आले.

"एकवीस सांगता?"

"एकवीसच व्हत्या."

"दुष्काळात मीही उतरलोय, भाऊ. सतरा. येता-जाता मोजल्यात."

"माझा बाप खोटं बोलला व्हय? तुमी दोन हंडं पाणी नेलं, आमी ती खणलीया."

"चुकीच्या आकड्यासाठी मी डबी हलवणार नाही."

"मग ऱ्हाऊ द्या वही कोरी."

मास्तरांना वाटलं, हा म्हाताऱ्याचा ताठा. ताठा होताच. पण पायऱ्या सतराच होत्या, हे मला त्यांच्याहून जास्त ठाऊक होतं. अठरावी बसवायच्या दिवशी दोर तुटला आणि दगड माझ्या थोरल्या भावावर आला. सदा त्याचं नाव. वीस वर्षांचा होता. त्यानंतर खाली उतरायला कुणाचा पाय उचलेना. पाणी लागलेलं होतं, सतराव्या पायरीवरून पोहरा सोडायचो. बाप मात्र मरेपर्यंत एकवीस सांगत राहिला. सतरा म्हटलं की माणूस विचारतो, पुढच्या का नाहीत? आमच्या घरात सदाचं नाव कुणी घेतलं नाही. आईनंसुद्धा नाही.

मास्तरांनी कोडं बदललं नाही, की माझ्याशी बोलणं सोडलं नाही. रोज जाताना फाटकाशी थांबायचे. "किती?" "एकवीस." हसायचे आणि पावलं मोजत जायचे. एकदा म्हणाले, "आकडा मी कॉम्प्युटरवर लिहू शकतो, भाऊ. पण तो तुमच्या तोंडून गेला पाहिजे."

पावसाळा सरता सरता ते पडले. नारायणगावच्या दवाखान्यात होते. मी जीपनं गेलो. नळ्या लावलेल्या, ओठ हलत होते. सलाइनचे थेंब मोजत होते. मला बघून बोट हलवलं. "किती?"

वाटेत सगळं ठरवून गेलो होतो. ऐनवेळी जीभ वळली नाही. "एकवीस," म्हणालो. ते हसले आणि भिंतीकडे वळले. चार दिवसांनी गेले. त्यांच्या सरणाभोवती लोक उभे होते आणि मी आयुष्यात पहिल्यांदा माणसं मोजत होतो. छप्पन्न.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाडांना पाणी घालत होतो. पाठीला पिशवी लावलेली एक पोरगी एकटीच आली. हातात मास्तरांसारखंच यंत्र.

"बाबा, इथल्या विहिरीला पायऱ्या किती होत्या?"

"सतरा," मी म्हणालो. "एकवीस व्हायच्या व्हत्या."

ती निघाली होती, ती थांबली. "मग चार का राहिल्या?"

मी पाइप खाली ठेवला, नळ बंद केला आणि सदाचं नाव घेतलं.