वेठ बंद करणारी आमची परळची कचेरी

किस्से काही कोणी जमवत नाही, ते आपोआप साठतात. पावसाळ्यात चाळीच्या जिन्याखाली छत्र्या साठतात तसे! कुठली कोणाची ते कळत नाही, पण टाकवतही नाही. माझ्याकडचे बहुतेक परळच्या कचेरीतले. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ जोरात होती तेव्हाचे.

आमचा एक छोटासा सरकारी कक्ष होता. गावोगाव माणसांना धाकदपटशाने फुकट राबवायची जुनी चाल, म्हणजे वेठबिगार, कुठे कुठे शिल्लक आहे ते शोधायचं आणि ती मोडायला काय नियम हवेत ते सरकारला लिहून द्यायचं, हे आमचं काम. माणसं एकूण पाच. मुजुमदार साहेब, नायगावच्या बीडीडी चाळीतले साळवे, माझगावचे टायपिस्ट डिसोझा, शिपाई तुकाराम आणि मी. मी गिरगावची, नवीकोरी बी.ए., हुद्दा संशोधन सहायक. हुद्दा ऐकून मीच आधी घाबरले होते!

* * *

नोकरी लागली तशी माझ्या वडिलांनी चाळभर सांगितलं, "मुलगी बिगार खात्यात लागली!"

रविवारी सकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू नातवाला घेऊन दारात हजर. पोराचे केस चापून बसवलेले, हातात पाटी.

"याला तेवढा तुझ्या बिगरीत घे गं. फार हुशार आहे."

मी समजावलं, "काकू, ती शाळेतली बिगरी वेगळी. ही बिगार. आम्ही ती बंद करतो."

काकूंनी कपाळावर हात मारला. "अगोबाई! बंद? मग पोरांनी एकदम पहिलीतच जाऊन बसायचं?"

* * *

त्याच सुमाराला दादरचं एक स्थळ मला बघायला आलं. मुलगा बँकेत. गोरा, आणि अगदी गप्प. बोलण्याचं सगळं खातं त्याच्या आईकडे.

"नोकरीत काम काय करतेस?"

मी सरळ सांगितलं, "माणसाला त्याच्या मनाविरुद्ध फुकट राबवून घेतात ना, ते कसं थांबवायचं हे आम्ही ठरवतो."

बाईंचा पोह्यांचा चमचा हवेतच थांबला. "म्हणजे... घरातलं काम पण?"

"घरातलं स्वखुशीने असेल तर चालतं," मी म्हटलं. "सरकारची हरकत नाही."

माझी आई मूळची मालवणची. आतून तिचा आवाज आला, "गो बाय, तू जरा गप रवशील?"

तेवढ्यात मुलगा पहिल्यांदाच बोलला. खुर्ची थोडी पुढे ओढून, हळूच. "मी एक विचारू? तुमच्याकडे तक्रार तोंडी चालते, की लेखीच द्यावी लागते?"

त्याच्या आईने त्याला दंडाला धरून उठवलं. स्थळ गेलं.

* * *

एकदा आम्ही मुंबईतल्या संस्थांना एक पत्रक पाठवलं. मसुदा साहेबांनी स्वतः केला होता: 'सक्तीच्या श्रमांचे निर्मूलन करण्याबाबत आपली मते कळवावीत.' डिसोझांनी प्रती काढल्या, तुकारामने तिकिटं चिकटवली, पत्रकं गेली.

आठवड्याभराने जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. लालबागच्या एका तालमीतले सहा पैलवान आत आले. कचेरीत एकदम अंधारच झाला! पुढचा म्हणाला, "शक्तीच्या श्रमांचं निर्मूलन करणार म्हणे! आमच्या तालमीत रोज सकाळी हजार जोर निघतात. कोण बंद करतो ते बघायचंय. साहेब कोण तुमच्यात?"

मुजुमदार साहेब म्हणजे अंगाने उदबत्ती. टेबलामागून शांतपणे उठले आणि म्हणाले, "साहेब रजेवर आहेत. बसा ना, चहा घेणार?"

चहा पिऊन पैलवान गेल्यावर साहेबांनी पत्रक मागवलं. प्रत्येक प्रतीत 'सक्ती'च्या जागी 'शक्ती'! डिसोझांना बोलावलं.

डिसोझा ताठ मानेने म्हणाले, "येस सर. तुमचा स्पेलिंग मिस्टेक होता. मी सगळीकडे दुरुस्त केला!"

* * *

मामलेदारांनाही आम्ही असंच विचारलं होतं, तुमच्या तालुक्यात वेठ घेतात का? बहुतेकांचं उत्तर पोस्टाने आलं, 'नाही.' एकाचं मात्र माणसाबरोबर आलं. मुंडासं बांधलेला, पायाला धूळ, पन्नाशीचा गृहस्थ. नाव धोंडिबा. आला तो दाराशीच उभा राहिला. बस म्हटलं तरी बसेना. साळव्यांनी खुर्ची ओढून दिली, तेव्हा टेकल्यासारखं करून जमिनीवर बसला.

मी लखोटा फोडला. पत्र मोत्यासारख्या अक्षरातलं होतं. साहेब म्हणाले, "मोठ्याने वाचा."

मी वाचलं, "'आमच्या तालुक्यात वेठबिगारीची प्रथा पूर्णपणे बंद असून एकही प्रकरण शिल्लक नाही. ताजा कलम: पत्र आणणाऱ्या इसमास दोन दिवस ठेवून घेण्यास हरकत नाही. पडेल ते काम करतो. काही द्यावे लागत नाही.'"

कोणी हसलं नाही. मग तुकारामला फिस्सकन हसू आलं, आणि मग आम्हा कोणालाच आवरेना. धोंडिबा आमच्याकडे बघून बिचकत बिचकत हसायला लागला.

साहेबांनी त्याला दोन दिवस ठेवून घेतलं. पहिल्या दिवशी साळव्यांनी त्याला राणीचा बाग दाखवला, दुसऱ्या दिवशी मी चौपाटी. तिसऱ्या दिवशी त्याचा जबाब घेतला आणि मामलेदाराच्या पत्राला जोडून वर पाठवला. मामलेदाराची बदली झाली म्हणतात.

जाताना धोंडिबा साहेबांना म्हणाला, "सायेब, आता हितनं पुढं वेठीला तुमच्याकडंच धाडा म्हनावं!"

* * *

एका बंदच्या आदल्या दिवशी वरून हुकूम आला. सगळ्या कचेऱ्या चालू ठेवा, गैरहजेरी खपवून घेतली जाणार नाही. साहेबांनी तो आपल्या भाषेत लिहून भिंतीवर लावला: 'उद्या सर्वांनी सक्तीने कामावर हजर राहावे. कसूर करणाऱ्यावर कारवाई होईल.'

साळव्यांनी दोनदा वाचला. मग तक्रारींची वही काढली आणि सावकाश नोंद केली. 'प्रकार: मनाविरुद्ध, शिक्षेचा धाक घालून काम. ठिकाण: परळ. मजूर: चार. काम घेणारा: श्री. मुजुमदार.' वही रीतसर साहेबांच्या टेबलावर ठेवली.

मी मनात म्हटलं, साळव्यांची नोकरी गेली! घरी बायको, दोन मुली, म्हातारे वडील. साहेबांनी चष्मा पुसला, नोंद वाचली, खाली शेरा मारला: 'प्रथमदर्शनी तथ्य दिसते. आरोपीचा खुलासा मागवावा.'

पाच मिनिटांनी त्यांनी स्वतःच खुलासा लिहिला: 'चूक झाली. पुन्हा होणार नाही.' आणि भिंतीवरचा कागद काढला. "उद्या ज्याला यायचं त्याने या. वर काय सांगायचं ते मी सांगेन."

दुसऱ्या दिवशी फक्त साहेब आले. खालून मोर्चा चालला होता आणि त्यात आमचा तुकाराम होता, म्हणून पुढचं कळलं. खिडकीत साहेब दिसताच खालची पोरं ओरडली, "ओ साहेब, घोषणा द्या!"

साहेबांनी खिडकीतून वाकून विचारलं, "सक्ती आहे का?"

"छे! सक्ती कसली?"

"मग देतो!" आणि कोट-टायमधल्या त्या उदबत्तीने मूठ वर केली. "संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!"

* * *

शेवटी आमचा अहवाल पुरा होत आला, पण पहिल्याच पानावर अडला. वेठ म्हणजे नेमकं काय? साहेबांनी व्याख्येचे अकरा खर्डे केले. एकेक व्याख्या अर्ध्या पानाची. वाचता वाचता कर्ता कुठे हरवायचा ते साहेबांनाही सापडायचं नाही.

साळवे म्हणाले, "आमच्या आबांना विचारू या का? वडील गावी होते तोवर अंमलदारांचं सामान या गावाहून त्या गावाला वाहायचे. आजोबाही तेच करायचे."

दुसऱ्या दिवशी आबा आले. पांढरंस्वच्छ धोतर, काळी टोपी, हातात काठी. साहेब उठून उभे राहिले, त्यांना आपल्या खुर्चीत बसवलं, चहा मागवला. मी वही-पेन्सिल घेऊन तयार.

"आबा, वेठ म्हणजे काय, हे आम्हाला एका वाक्यात सांगाल?"

आबांनी खोलीभर नजर फिरवली. कोपऱ्यात जुन्या फायलींची लोखंडी पेटी होती.

"ती उचला," आबा म्हणाले.

साहेबांनी तुकारामकडे पाहिलं.

"त्याला नाही. तुम्ही. डोक्यावर घ्या."

साळवे घाबरेघुबरे झाले. "आबा, अहो..."

साहेबांनी पेटी डोक्यावर घेतली.

"खाली फाटकापर्यंत न्या."

दोन जिने! आम्ही सगळे खिडकीशी धावलो. साहेब भर उन्हात फाटकाशी पोचले. समोरच्या खानावळीतली माणसं हातातला घास तसाच धरून बघत होती. आबा माझ्या शेजारून खिडकीबाहेर वाकले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "आता वर आणा!"

साहेब वर आले. पेटी खाली ठेवली. टाय पाठीवर गेलेला, चष्म्यावर घाम, धाप लागलेली. रागावले नव्हते, पण पार गोंधळले होते.

"आबा, नेली. आणली. पण मी हे केलं कशासाठी?"

आबांनी बशीतला चहा फुंकला, एक घोट घेतला.

"मी सांगितलं म्हणून."