वाटाण्याचं चिकन

समजा, तुम्हाला स्वतःच्याच घरात बाल्कनीत स्वयंपाक करायचा आहे. वाऱ्यानं शेगडी विझते, समोरच्या खिडकीतले लोक टकामका बघतात. आतलं जेवणाचं टेबल दिसत असतं, पण ताट घेऊन तिथं जायचं नाही. माझ्या मामानं लग्नापासून हे केलं. मामी शाकाहारी, मामा नाही. त्याचं पातेलं बाहेर, तिचं आत. यात त्याला कधी काही वावगं वाटलं नाही.

मामा कोंबड्यांची गाडी चालवायचा. गेल्या वर्षी कत्तलखान्याच्या फाटकाशी एक क्रेट फुटला. कोंबड्या पळाल्या नाहीत. त्याच्याच गाडीखाली, सावलीत जाऊन बसल्या. मामानं एकेक ओढून काढली आणि आत दिली. तेव्हापासून मांसाहार बंद. नोकरीही सोडली. आता तो पावाची गाडी चालवतो.

पण जिभेचं काय? त्यानं वाटाण्यापासून केलेल्या, चवीला कोंबडीसारख्या चिकनचं पाकीट आणलं. जुने सोबती म्हणाले, म्हातारपणी पाला खायला लागला. दुकानदारानं ऐकवलं, एवढी हौस आहे तर खरं चिकनच घ्या की. मामानं दोघांनाही हसण्यावारी नेलं. पहिल्या दिवशी सवयीनं बाहेरच शिजवून खाल्लं, छान लागलं.

दुसऱ्या दिवशी मात्र, मी त्यांच्याकडे असताना, तो पाकीट घेऊन हौसेनं स्वयंपाकघरात शिरला. आता एकाच पातेल्यात शिजवू, एकत्र बसून जेवू, म्हणाला. मामीनं त्याच्या हातातलं पातेलं काढून घेतलं.

"अगं, नुसता वाटाणा आहे. वाचून दाखवू?"

"असेल वाटाणा. पण काल ते चावताना तुमचा चेहरा बघितला मी. अगदी पूर्वीसारखा."

मामा असा पेटला की मी खुर्ची मागे घेतली. नोकरी सोडली, सोबत्यांची टिंगल सोसली, त्याचं काहीच नाही. गुन्हेगार ठरला चेहरा. चेहऱ्यानं कोंबडी मरते का, म्हणाला. मामी पातेलं घासत राहिली. घासलेलंच पातेलं. मला मामाचंच पटत होतं आणि तिचा राग येत होता, अजूनही येतो.

शेवटी तो पाकीट घेऊन बाल्कनीत गेला. काडी दोनदा विझली. आत ऐकू जाईल अशा आवाजात त्यानं मला सांगितलं,

"तुझ्या मामीला विचार. मारणं सोडलं, तर आवडणंही सोडायचं, हे कोणी ठरवलं?"