वासंतीने सील तोडलं तेव्हा

वासंती नाखवाला कोणी विचारलं, "तुला कॉम्प्युटर येतो का?" तर ती "येतो" म्हणायची. पंचाण्णव साली नौपाड्यातल्या एका छापखानेवाल्याला तिने हेच उत्तर दिलं, तेव्हा तिने कॉम्प्युटरला हातही लावलेला नव्हता. संध्याकाळी त्याच्याकडेच बसून ती शिकली आणि नंतर मला म्हणाली, "वहिनी, बोटं तीच, अक्षरं तीच. मधे फक्त काच आली." मी असते तर "शिकून घेते, मग सांगते" म्हणाले असते, आणि तोवर काम दुसऱ्याकडे गेलं असतं.

ती चेंदणी कोळीवाड्यातली. तिची आई आवडाबाई आमच्या गल्लीत म्हावऱ्याची टोपली घेऊन यायची. मुलीने टोपली उचलायची नाही, असं तिनेच ठरवलं होतं. मॅट्रिक झाल्यावर वासंतीला ती गोगटे सरांच्या टायपिंग क्लासात घेऊन आली आणि म्हणाली, "हिची बोटं चालवा." त्र्यंबक गोगट्यांचा क्लास म्हणजे दोन जिने वर एक लांबट खोली, अकरा टाइपरायटर आणि भिंतीवर छडी. वासंती मराठीची आणि इंग्रजीची सरकारी परीक्षा पहिल्याच फटक्यात पास झाली. सरांनी तिला शिकवायला ठेवून घेतलं. मेकॅनिक बोलावला की आठ-आठ दिवस यायचा नाही, म्हणून टाइपरायटर उघडून साफ करायलाही ती शिकली. गुणाजीशी लग्न झालं, तो वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात लागला, मुलगा झाला, पण क्लास सुटला नाही. अठरा वर्षं ती त्या खोलीत होती.

शहाण्णवच्या पावसाळ्यानंतर अकरापैकी चारच यंत्रं वाजत होती. सर सत्तरीला आले होते. त्यांच्या पुतण्याला, गोविंदाला, त्या खोलीत रेडिमेड कपड्यांचं दुकान टाकायचं होतं. वासंती सरांना म्हणाली, "खोली मला भाड्याने द्या. मी कॉम्प्युटर बसवते. पत्रिका, स्मरणिका, सगळं इथे होईल."

सर म्हणाले, "ते यंत्र टिकतं का, हे मला बघायचंय. दसऱ्याला आण. दिवाळीच्या पाडव्यापर्यंत नीट चाललं तर खोली तुझी. नाही चाललं तर गोविंदाला शब्द देतो."

म्हणजे तीन आठवडे.

आईच्या पाटल्या मोडून वासंतीने डोंबिवलीच्या पोपट भोईरकडे कॉम्प्युटर जुळवून घेतला. हा पोपट आधी टीव्ही दुरुस्त करायचा. खंडेनवमीच्या सकाळी तो रिक्षातून डबा घेऊन आला. आडवा डबा, वर मॉनिटर ठेवायचा. सरांच्या क्लासात खंडेनवमीला टाइपरायटरची आवरणं काढून पूजा करायची पद्धत होती. सर अडून बसले, "झाकलेल्या यंत्राची पूजा होत नाही." पोपटने मुकाट्याने वरचं झाकण काढलं. सरांनी हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, नारळ मात्र बाहेर जिन्यात फोडला. मग पोपटने झाकण बसवलं, स्क्रू पिळले आणि फटीवर कागदाचं सील चिकटवलं. "मॅडम, हे तुटलं तर वर्षाची गॅरंटी गेली. काय झालं तरी मला फोन करायचा."

पहिलं काम आलं वर्तकनगरमधल्या एका हाउसिंग सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेचं. चौसष्ट पानं, प्रकाशन पाडव्याला. वासंती टाइप करायची, आणि मी मुली शाळेत गेल्या की तिच्याकडे जाऊन मुद्रितं तपासायची. दुसऱ्याच दिवशी चेअरमनच्या मनोगतात "ऋणानुबंध" लिहून झालं आणि पडद्यावरचा बाण जागच्या जागी थिजला. माउस हलवला, बटणं दाबली, काही नाही. डब्याच्या पुढचं बटण दाबून परत चालू केला तर मनोगत गायब.

"हँग झाला," पोपट फोनवर म्हणाला. "होतो कधीकधी."

कधीकधी नव्हे, रोज. दिवसातून पाच वेळा. पोपट आला, सील स्वतःच काढून वरवर बघितलं, सगळे प्रोग्राम पुसून परत टाकले, नवं सील लावलं. व्हायरस म्हणाला. मग तो डबा डोंबिवलीला घेऊन गेला आणि दोन दिवसांनी परत आणला. "आमच्याकडे एकदाही अडकला नाही, मॅडम. तुमच्याकडची लाईट खराब आहे." खरंच दीड दिवस नीट चालला. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा बाण थिजला.

सर दारात खुर्ची टाकून पेपर वाचत बसायचे. बटण दाबल्याचा आवाज आला की पेपरातून मान वर न करता म्हणायचे, "आमचं यंत्र कधी रुसलं नाही हो. फार तर रिबन मागायचं."

आवडाबाई जेवणाचा डबा घेऊन यायची. तीही विचारायची, "काय गो, तुजा डबा आज बी मेला?"

"मेला नाय, झोपला," वासंती म्हणायची. "मी उठवते."

मला रात्रीची झोप लागेना. माझं काय जाणार होतं? पण माझ्या दोन मुली, उद्या त्यांनाही कुठेतरी पाय रोवून उभं राहायचं, आणि इथे माझ्या डोळ्यांसमोर एक बाई उभी राहता राहता घसरत होती. मी म्हटलं, "वासंती, स्मरणिका दुसरीकडे दे. पाडव्याला तोंड दाखवायला जागा तरी राहील." ती हसली. "वहिनी, तुम्ही ऱ्हस्वदीर्घ बघा. हे माझ्यावर सोडा."

आणि तिने एक साधी गोष्ट केली. शंभर पानी वही घेतली आणि प्रत्येक वेळी डबा किती वाजता चालू केला, किती वाजता अडकला, ते लिहू लागली. टायपिंगच्या क्लासात स्पीड घड्याळ लावूनच मोजतात. तिला ती सवयच होती. चार दिवसांत चित्र उमटलं. सकाळी सातला चालू केला की पाऊण तास टिकतो. दुपारी दोनला, ऑक्टोबरच्या उन्हात, वीस मिनिटं. एकदा तिने घरून टेबलफॅन आणून डब्याकडे तोंड करून लावला, तर दोन तास टिकला.

"व्हायरसला ऊन लागत नाही," ती म्हणाली. "हा तापतोय. आत काहीतरी फिरायला पाहिजे ते फिरत नाही." तिने पोपटला फोन लावला. पोपट म्हणाला, दिवाळीची गर्दी आहे, पाडव्यानंतर येतो.

पाडव्याला आठ दिवस होते. वासंतीने ड्रॉवरमधून टाइपरायटरचा स्क्रूड्रायव्हर काढला.

मी तिचा हात धरला. "अगं, गॅरंटी! उद्या खरंच मोठं काही निघालं तर पोपट दारात उभं करणार नाही."

"निघालं तर निघालं. गॅरंटी घेऊन काय करू, खोलीच नसली तर?" आणि तिने नखाने सील टरकन फाडलं. तिचा हात अठरा वर्षं यंत्रं उघडणाऱ्या बाईचा होता.

आत हिरव्या पाटीवर, मधोमध, काडेपेटीपेक्षा थोडा मोठा एक पंखा होता. तो हलत नव्हता. वासंतीने टॉर्च धरला, भुवया काढायचा चिमटा घातला आणि पात्याच्या खालून काहीतरी ओढून तळहातावर घेतलं. कुंकू लागलेला तांदळाचा दाणा. मग दुसरा. मग तिसरा. रिक्षात हादरे बसले तेव्हा दाणा सुटला आणि डबा डोंबिवलीत शहाण्यासारखा चालला. इथे आल्यावर दीड दिवसाने दाणा पुन्हा पात्यात अडकला. पोपटने तारा तपासल्या होत्या, पंख्याखाली बघितलं नव्हतं.

सर तेव्हा खाली दूध आणायला गेले होते.

"टाकून दे," मी कुजबुजले. "झाकण लाव. सरांना काही सांगू नकोस. त्यांच्या अक्षता निघाल्या म्हटलं तर अपमान वाटेल. त्यांच्या हातात खोली आहे."

"आणि त्यांना वाटत राहील की यंत्रच नाजूक. आज चाललं, उद्या परत रुसेल. गोविंदाला खोली द्यायला तेवढं पुरे."

जिन्यावर सरांची काठी वाजली. वासंती उठली, दारात गेली आणि तळहात त्यांच्यापुढे धरला. "सर, हे पंख्यात अडकलं होतं. खंडेनवमीचे आहेत. यंत्राचा दोष नाही."

सरांनी चष्मा कपाळावर नेला, वाकून बघितलं. त्यांचा चेहरा लाल झाला. आता ओरडतील, असं वाटून मी मुद्रितं गोळा करायला लागले.

"तीनच?" सर म्हणाले.

"तीन."

"मी मूठभर टाकल्या होत्या. बाकीच्या शोध."

मग सरांनी टाइप साफ करायचा आपला ब्रश आणला, स्टूल ओढलं आणि उघड्या डब्याशेजारी बसून स्वतः एकेक दाणा निवडायला लागले. एकोणीस निघाले. वासंती टॉर्च धरून उभी होती. झाकण बसवल्यावर सर म्हणाले, "उद्या सकाळी सातला चालू कर. मी बघणार आहे."

दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा सर पडद्यासमोर खुर्ची टाकून बसलेले. वासंती शेजारी बसून चेअरमनचं मनोगत चौथ्यांदा टाइप करत होती. सरांनी पेपर आणला होता, पण उघडला नव्हता. दहा वाजले. बारा वाजले. आवडाबाई डबा ठेवून, काही न विचारता, जमिनीवरच बसली. दोन वाजता, त्या वाईट वेळी, सर उठून पडद्याच्या अगदी जवळ उभे राहिले. बाण पळत होता. चार वाजता त्यांनी चहा मागवला, सगळ्यांना. संध्याकाळी साडेसातला वासंतीने स्मरणिकेचं एकतिसावं पान पूर्ण केलं आणि हात झटकले.

"बारा तास तीस मिनिटं," ती वहीत लिहीत म्हणाली.

सरांनी काठी घेतली, टेलिफोनपाशी गेले आणि पुतण्याचा नंबर फिरवला. "गोविंदा, तू स्टेशनकडे गाळा बघ रे. ही खोली गेली." रिसीव्हर ठेवला आणि वासंतीकडे वळले. "पुढच्या खंडेनवमीला झाकण काढायचं नाही. हळदकुंकू वरूनच."

"बरं, सर."

"आणि ते 'ऋणानुबंध' मला मोठ्या अक्षरात दाखव. आमच्या यंत्रावर ऋ कधी नीट उमटला नाही."