पाच मिनिटांचा कागद

या हिंदी शहरात अन्नपूर्णा मंदिराजवळच्या पाळणाघरात मी कामाला लागले, त्याच महिन्यात एका मुलीच्या आईने मला गेटपाशी थांबवलं. ती नाशिकची, सांवेर रोडवरच्या कारखान्यात इंजिनिअर. मुलगी चार वर्षांची. आईने घडी घातलेला कागद हातात दिला.

“हिला फिट येते. काय करायचं ते लिहिलंय. नाकात मारायचा स्प्रे तिच्या बॅगेच्या पुढच्या कप्प्यात आहे. आधीच्या दोन ठिकाणी कळल्यावर काढलं हो तिला. तुम्ही मराठी आहात म्हणून सांगते. बाकी कुणाला नको.”

मी मान हलवली. नाही म्हणणं मला जमत नाही.

कागद इंग्रजीत होता. मी तो इतक्या वेळा वाचला की पाठ झाला. माझ्याबरोबर काम करणारी मौसी मात्र हिंदीच वाचायची, आणि तिला मी काहीच सांगितलं नव्हतं. मुलांना दिवसभर तीच सांभाळायची.

दोन महिन्यांनी, जेवणानंतर मी डबे विसळत होते. आतून मौसीची हाक आली. धावत गेले तर मुलगी जमिनीवर, हातपाय झटके देत होते. मौसीने तिच्या नाकाशी स्वतःची चप्पल धरली होती आणि दुसऱ्या हाताने दातांत चमचा घालत होती.

“दांत खोलने पड़ेंगे, नहीं तो जीभ कट जाएगी.”

मी मौसीचं मनगट धरलं. मग कसंबसं म्हटलं, “छोड़ो. मुँह में कुछ नहीं डालना.”

मुलीला कुशीवर वळवलं, डोक्याखाली ओढणी ठेवली, मोबाईलवर वेळ लावली. फिट पाच मिनिटांच्या वर गेली तर नाकात स्प्रे, असं कागदात होतं. बाकीची मुलं भिंतीला टेकून उभी. दोन मिनिटं. तीन. मी बॅगेतून स्प्रे घेऊन झाकण काढलं. मौसीने माझा हात खालून धरला. चौथ्या मिनिटाला मुलगी सैल पडली आणि खोल श्वास घेऊ लागली.

खालच्या ओठाला चमचा लागून रक्त आलं होतं.

“तेरे को मालूम था?” मौसीने विचारलं. “मेरे को बोल देती तो मैं चमचा डालती क्या?”

मी फोन केला. आई आली ती थेट मुलीपाशी. ओठ बघून तिने माझ्याकडे पाहिलं.

“मी मौसीला सांगितलं नव्हतं,” मी म्हणाले. “माझी चूक आहे. पण आता हा कागद हिंदीत करून भिंतीवर लावायला हवा.”

“मॅडम काढतील तिला,” आई म्हणाली.

पाळणाघराच्या मॅडम दारातच उभ्या होत्या. त्यांनी आत येऊन मुलीचा ओठ पाहिला. मग विचारलं, “कल इसको कौन देखेगा?”

“मैं,” मौसी म्हणाली. मग माझ्याकडे हनुवटी उडवून, “ये लिख के दे दे. दो महीने में पहली बार तो मुँह खोला है.”

मॅडमनी टेबलावरचं पेन माझ्यापुढे सरकवलं. आई सांगत गेली, मी हिंदीत लिहीत गेले. मौसी वाकून एकेक ओळ मोठ्याने वाचत होती.

“और चप्पल?” तिने विचारलं.

मी तेही लिहिलं. चप्पल नहीं.