धामणीची दगडी वाडगी

केसरीनाथ हे नाव टेमघरच्या त्या चाळीत पोस्टमनखेरीज कुणी घेत नसे. सगळ्यांसाठी तो धामणवाला केसरी. जब्बारशेठच्या यंत्रमागाच्या कारखान्यात तो जॉबर होता, म्हणजे लूम बिघडला की दुरुस्त करणारा. सुताच्या गोदामात साप निघाला, की हातातला पाना तिथंच टाकून धावणाराही तोच. साप पोत्यात घालायचा, पोतं सायकलच्या कॅरिअरला बांधायचं आणि अंजूरच्या बांधावर नेऊन सोडायचं. त्या वेळी अंजूरला नुसती भातशेती होती. तिथली गोदामं सगळी पुढची.

एक धामण मात्र त्यानं घरी आणली. कुणीतरी घातलेल्या काठीनं तिचा कणा शेपटीकडं मोडला होता.

"हिला सोडली तं घार उचलंल," तो बायकोला, पार्वतीला म्हणाला. चहाच्या लाकडी खोक्याला त्यानं बारीक जाळी ठोकली आणि ते मागच्या पडवीत ठेवलं.

त्यांची मुलगी राही तेव्हा रांगायला लागली होती. हाताला लागेल ते तोंडात घालायचं वय. पार्वती अंजूरचीच, धामणीला विष नसतं हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि पोर पडवीकडं रांगत निघाली की हातातलं काम टाकून तिच्यामागं धावणं वेगळं. त्यात शेजारची आक्का येऊन सांगून गेली, "धामन म्हशीकडं निस्ती बघते, न् म्हैस मरते."

"आक्के, आपल्या चाळीत म्हैस कुठं हाय?" केसरीनाथ म्हणाला.

"माझी सून न्हाय दिसली तुला?"

पार्वती हसली, पण तिनं अट घातलीच. सापाचं काहीही तिच्या मोरीत येणार नाही. ज्यात तो पाणी पिईल ते भांडं धुवायचं नाही, घासायचं नाही. रोज नवं, आणि वापरलेलं उकिरड्यावर. "माझ्या पोरीची वाटी न् तिची वाटी एका पान्यानं धुवायची न्हाय. जमत नसंल तं तिला आजच न्या."

केसरीनाथनं वाद घातला नाही. बाजारात ठकुबाई रानातली पानं आणून पत्रावळी-द्रोण विकायला बसायची. तिच्याकडून तो द्रोणांची चवड आणू लागला. ठकुबाईला वाटलं, याच्या घरी रोज कसलं तरी जेवण आहे. ती म्हणाली, "दादा, आमाला न्हाय बोलवत कंदी."

पण द्रोण काही टिकेना. धामण हातभर नव्हे, चांगली माणसापेक्षा लांब. ती वळली की द्रोण उलटायचा. पाणी खोक्याच्या तळात मुरायचं. अंथरलेलं पोतं कुबट ओलं राहायचं, आणि धामण तहानलेलीच. पावसाळ्यात तिच्या पोटाच्या खवल्यांवर फोड आले. मग कात टाकायची वेळ आली तर कात सुटेना. डोळ्यांवर जुनी कातडी पांढरी चिकटून बसली. आंधळी झाल्यागत ती कोपऱ्यात पडून राहिली.

"हिला जड भांडं पायजे," केसरीनाथ म्हणाला. "बसंल, भिजंल, तवा कात सुटंल."

"मग ते धुवावं लागंल."

"लागंल."

त्या संध्याकाळी तो कारखान्यातून बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, जाड थाळी घेऊन आला. लूमखाली तेल गळतं ते धरायला ठेवतात, तसली. सुताच्या चिंध्यांनी त्यानं ती पुसून पुसून चकचकीत केली होती. पाणी भरून खोक्यात ठेवली. धामणीनं जीभ काढून थाळीभोवती फिरवली आणि तोंड वळवलं.

"नवी हाय म्हनून," तो म्हणाला.

पार्वती लांबूनच वाकली. पाण्यावर निळे-जांभळे डाग तरंगत होते. "अवो, तेल हाय ना त्यात."

"कुठं? वास तरी येतोय का?"

खरंच, त्याला वास येत नव्हता. त्याच्या बनियनला, केसांना, डब्यातल्या भाकरीलासुद्धा लूमचं तेल. इतक्या वर्षांत त्याच्या नाकाला तो वास म्हणून राहिलाच नव्हता. चाळीतल्या सगळ्याच लूमवाल्यांचं तसं. थाळी कितीही पुसली तरी बिडाच्या अंगात मुरलेलं तेल वर येत राहिलं. शेवटी तो उंबऱ्यावर बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "उद्या सुट्टी हाय. नेतो अंजूरला. घारीच्या नशिबात असंल तं तसं."

पार्वती आत गेली. चुलीजवळ तिची दगडी वाडगी होती, लग्नात आईनं दिलेली. चांगली दीड वीत रुंद, बुटकी, दोन हातांनी उचलावी लागे अशी. तिच्यात खडे मीठ असायचं. पार्वतीनं मीठ डब्यात ओतलं, वाडगी राखेनं घासली आणि पडवीत आणून ठेवली.

"ही न्हाय उलटनार," ती म्हणाली. "पन धुवायची बाहेरच्या नळावर, तुमीच."

सकाळी धामण वाडगीत वेटोळं घालून बसली होती. पाणी काठाबाहेर आलं होतं, पण वाडगी जागची हलली नव्हती. पुढं काही दिवसांनी कात सुटली, डोळ्यांवरच्या झापडांसकट. केसरीनाथनं ती राहीला दाखवायला आणली, तर पार्वतीनं पोरीला उचलून आधी दार लावून घेतलं.

तिची भीती गेली नाही. जाळीवर ती रोज पाट्याचा वरवंटा ठेवायची. पण केसरीनाथला डबल शिफ्ट पडली, नळाला पाणी नसलं, की वाडगी तीच धुवायची, आणि मोरीतच. राहीची वाटी आधी धुऊन फळीवर ठेवायची, मग वाडगी घ्यायची. आक्कानं एकदा पाहिलं आणि नुसतं "बरं" म्हणाली.

राही शाळेत जाऊ लागली तोवर लग्नांत प्लास्टिकच्या वाट्या आल्या होत्या. जब्बारशेठच्या मुलीचं लग्न झालं, तेव्हा त्यांची बायको साजिदा उरलेल्या वाट्यांचं बंडल घेऊन स्वतः आली. "पार्वतीबाय, तुमच्या धामनीला. अब धोने का टेन्शन नहीं. वापरा न् फेका."

"नको भाभी, ती हनवटी काठावर टेकून पिते. ह्या उलटतील."

केसरीनाथ दारात बिडी ओढत होता. "कुनाची अट होती गं, रोज नवं भांडं?"

"गप ऱ्हावा," पार्वती म्हणाली. साजिदा खो खो हसली, आणि त्या वाट्यांत पार्वतीनं मिरचीची रोपं लावली.

धामण गेली त्या उन्हाळ्यात केसरीनाथनं तिला सायकलवर अंजूरला नेऊन बांधालगत पुरलं. आता तिथं गोदामाची भिंत आहे. परत आला तर पार्वती मोरीत वाडगी घासत होती. घासून झाल्यावर तिनं ती उन्हात पालथी घातली. संध्याकाळी मिठाचा डबा घेऊन वाडगीजवळ बसली, मीठ ओतायला तिनं झाकण काढलं, पुन्हा लावलं, आणि डबा तसाच परत फळीवर ठेवला.