डेस्कटॉपवरच्या ओव्या

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. घरात बोलायला कुणी नाही, ही एक गोष्ट. पण असतं, तरी बोललो असतो का? — नसतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच जीभ जरा सैल सुटते आहे.

मी कुपवाडला एका वर्कशॉपमध्ये मशीनवर आहे. राहतो सांगलीत, एकटाच. कॉम्प्युटरमधलं थोडं कळतं — म्हणजे लोकांना वाटतं त्याच्या निम्मं. कुणाचा बंद पडला की माणूस माझ्याकडे येतो, आणि मला ते आवडतं. का आवडू नये? तेवढ्यापुरती दाराची कडी वाजते.

बिरू माझ्या शेजारच्या मशीनवर होता. माण तालुक्यातला, दहिवडीच्या पुढचा. मेंढरं राखणारं घर. त्याचे वडील, आबा, ओव्या गायचे — पिढ्यान् पिढ्या तोंडी आलेल्या, कागदावर कुठेच नाहीत. एक अख्खा हिवाळा बिरू सुट्टीला गावी जाऊन त्या मोबाइलवर भरून घ्यायचा. मोबाइल भरला की सगळं घरच्या कॉम्प्युटरवर टाकायचा आणि मोबाइल रिकामा करायचा.

मग तो कॉम्प्युटर अडकायला लागला. मधेच थिजायचा, कधी ड्राइव्हच सापडत नाही म्हणायचा. बिरू सीपीयूचा डबा एसटीत मांडीवर घेऊन माझ्याकडे आला. "आबाचा आवाज हाय त्यात, तेवढं बघ रं," एवढंच म्हणाला.

अशा वेळी पहिलं काम एकच — आतलं सगळं दुसरीकडे उतरवून घ्यायचं, मगच हात लावायचा. हे मीच दहा जणांना शिकवलंय. त्या दिवशी मात्र माझा शहाणपणा आडवा आला. विंडोज बिघडलंय, मी ठरवूनच टाकलं. आमच्याकडच्या दुरुस्तीवाल्यांची एक रीत आहे : ड्राइव्हचे दोन भाग करायचे, विंडोज 'सी'मध्ये, माणसाचं सामान 'डी'मध्ये. 'सी' पुसायचा, 'डी'ला हात लावायचा नाही. मी 'सी' पुसला. नवं विंडोज टाकलं. 'डी' उघडला — रिकामा.

बिरूने ओव्या डेस्कटॉपवर ठेवल्या होत्या. कॉम्प्युटर लावल्याबरोबर आबांना समोर दिसाव्यात म्हणून. डेस्कटॉपवरचं सगळं 'सी'मध्ये असतं, हे त्याला कुठून ठाऊक? मला ठाऊक होतं. मी विचारलं नाही.

जुन्या हार्डडिस्कमधून पुसलेलं पुष्कळदा निघायचं. बिरूच्या कॉम्प्युटरात मात्र एसएसडी होती, नव्या जातीची डिस्क. तिचं तसं नाही. पुसलं की ती मोकळी झालेली जागा आपणच आतून साफ करून टाकते. दोन दिवस मी एकामागून एक सॉफ्टवेअर लावत बसलो. काही नाही. आणि अडकणं? ते चालूच होतं! शेवटी ड्राइव्हला जोडलेली केबल बदलली — झटक्यात थांबलं. ड्राइव्ह धडधाकट होता. केबल खराब होती.

इथवर चूक होती. माणसाच्या हातून होते. पुढचं मात्र माझ्या हातून झालं नाही, मी केलं.

मी बिरूला सांगितलं, ड्राइव्ह मरायला टेकलाय, पुण्याला लॅबमध्ये पाठवलाय, निघेल सगळं. कशासाठी? त्याच्या नजरेतून उतरायचं नव्हतं. शोधूनही दुसरं कारण सापडत नाही. ड्राइव्ह माझ्या कपाटात, कपड्यांखाली होता.

महिन्याभराने जेवणाच्या सुट्टीत बिरू म्हणाला, "आबा म्हंत्यात, पुन्यांदा गातो, भरून घे. दम लागतोय त्यास्नी, पर गात्यात. काय करू?"

नुसतं 'घे' म्हणायचं होतं. माझी थापसुद्धा झाकून राहिली असती. पण 'घे' म्हटल्यावर, म्हणजे निघत न्हाई व्हय, असं त्याने विचारलं असतं तर? — या भीतीपायी मी म्हणालो, "म्हाताऱ्या माणसाला कशाला तरास देतोस? निघतंय की समदं."

त्याने ऐकलं. माझं ऐकायचा तो. चार महिने तो विचारत राहिला आणि मी वेळ मारून नेत राहिलो. मग आबा गेले. तेराव्यानंतर मी सांगितलं, लॅबवाल्यांनी हात टेकले. बिरूने उलट माझाच खांदा थोपटला. "तू लय केलंस गड्या," म्हणाला.

तेव्हापासून मी त्याला टाळतो. शिफ्ट बदलून घेतली. त्याचा फोन वाजला की वाजू देतो. खरं तर सहज म्हणून माझ्याकडे येणारा तो एकटाच होता. आता रविवारी दिवसभर माझ्या तोंडून एक शब्द निघत नाही. हे दुःख म्हणून सांगत नाही. आहे ते असं आहे.

वर्षश्राद्धाला मात्र जावं लागलं, वर्कशॉपमधले सगळेच निघाले होते. मांडवात बिरूने मला हाताला धरून पाव्हण्यांपुढे नेलं. "आबाच्या आवाजासाठी ह्यो लय झटला," म्हणाला. आबांची थोरली बहीण बसली होती. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "तू तरी ऐकला व्हतास का रं बाबा, माज्या भावाचा आवाज?"

मी हो म्हणालो. ऐकला नव्हता. एकदाही नाही.

मग बिरूने पहिलं पान माझ्यापुढे मांडलं, आणि मी जेवलो.